वजडीची पायरी कोणी ठरवली?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी वसाहत वरळीची, १२१ इमारतींची. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणं हे पिढ्यांच्या प्रतीक्षेचं फळ आहे, यात वाद नाही. या निमित्ताने चर्चाही भरपूर झाली. देखभालीचा खर्च कसा भागेल, गाड्या कुठे लावायच्या, चाळीतला शेजार टॉवरमध्ये टिकेल का, असे प्रश्न विचारले गेले. स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र बाजूला राहिला. जागा वाढली की घरातल्या माणसांचा सामाजिक वावर बदलतो आणि त्याबरोबर काय शिजवायचं, कोणासमोर शिजवायचं याचे अलिखित नियमही बदलतात. या बदलात सर्वांत आधी कशावर गदा येते, याचं उत्तर मटणाच्या दुकानात मिळेल. वजडी, आतडी, रक्ती, मुंडी, पाया या पदार्थांवर. त्यांना 'खालचं' ठरवणारी पायरी चवीने किंवा आरोग्याने बांधलेली नाही, ती माणसांच्या उतरंडीने बांधलेली आहे आणि म्हणूनच ती मोडता येते, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी टर्किश टॉवेलसारखी लवदार असते. ती उकळत्या पाण्यात घालून खरवडायची, चुना लावून चोळायची, पाण्यामागून पाणी बदलत धुवायची आणि हळद-मीठ घालून शिजवून घ्यायची, मग वाटणात परतायची. हे काम वेळखाऊ आहे, आणि ते करायला शिकावं लागतं. गिरणगाव ते शिकलं होतं. साताऱ्या-सांगलीकडून, कोल्हापूरहून, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेले कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत राहात आणि खानावळवाल्या बाईकडे जेवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ज्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या याच बाया. रविवारी मटण परवडलं तर मटण, नाहीतर वजडी असा साधा हिशेब होता. वजडी ही एका जातीची किंवा एका धर्माची मिरास कधीच नव्हती. मराठा घरात ती शिजत होती, बौद्ध घरात शिजत होती, मालवणी माणसाच्या घरात शिजत होती. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर याच वरळीत दंगल पेटली. रस्त्याच्या ज्या दोन बाजू एकमेकांवर दगड फेकत होत्या, त्या दोन्ही बाजूंच्या चुलींवर हा पदार्थ होता. तरीही वजडीला एक 'पायरी' आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरी पाहुणे यायचे असतील तेव्हा वजडी करत नाहीत.

ही पायरी किती मनमानी आहे, हे पाहायला एकाच बकऱ्याकडे नीट पाहिलं तरी पुरे. कलेजी हा आतलाच अवयव. भेजा, गुर्दा, जीभ, हृदय हेही आतलेच. पाठारे प्रभू, सीकेपी आणि सारस्वत घरांत कलेजी आणि भेजा मानाने वाढले जातात. बारमध्ये कलेजी फ्राय मागवताना कोणी आवाज खाली करत नाही. खिमा कुठल्या भागाचा आहे, हे तर सहसा कोणी विचारतही नाही. पण त्याच बकऱ्याचं पोट, त्याची आतडी, त्याचं रक्त यांचा विषय निघाला की चेहरे बदलतात. यकृत हे शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणारं इंद्रिय, मूत्रपिंड हे मूत्र तयार करणारं इंद्रिय. 'घाण' हाच निकष असेल तर गुर्दा वजडीच्या वर कसा बसला, याचं तर्कशुद्ध उत्तर कोणाकडे नाही. एक उत्तर असं देतात की आतड्यांत विष्ठा असते. खरं आहे. पण दुकानात काचेआड मांडलेलं सॉसेज परंपरेने त्याच आतड्यांच्या वेष्टनात भरलं जातं आणि ते नाश्त्याला अंड्याबरोबर खाताना कोणाला किळस येत नाही. आतडं तेच असतं, पण ते कुठल्या बशीत येतं यावर त्याचं सोवळं-ओवळं ठरतं.

इंग्रजी शब्दांतही ही उतरंड दिसते. 'चिटरलिंग्ज', बोलीत 'चिटलिन्स', म्हणजे डुकराची आतडी. हा मध्ययुगीन इंग्रजीपासूनचा आतड्यांसाठीचा शब्द, ज्याचं नातं अभ्यासक जर्मनमधल्या 'कुटेल्न'शी, म्हणजे चक्क वजडीशी, लावतात. खरी गंमत 'हंबल पाय' या शब्दप्रयोगात आहे. हरणाच्या आतल्या अवयवांना 'अंबल्स' म्हणत. त्यांचा 'पाय' नोकरमाणसांच्या वाट्याचा मानला जाई. नम्र किंवा हीन या अर्थाचा 'हंबल' हा लॅटिन मुळाचा वेगळाच शब्द. पण आतडी-काळीज खाणारा तो हीन, हे समीकरण लोकांच्या मनात इतकं घट्ट होतं की दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले आणि अपमान गिळण्यासाठीचा वाक्प्रचार तयार झाला. योगायोगाने जवळ आलेल्या ध्वनींना समाजाने आपल्या उतरंडीचा अर्थ चिकटवला. शब्दांच्या बाबतीत झालं तेच पदार्थांच्या बाबतीत होतं. त्यामुळे पदार्थाचं नाव ऐकताच मनात उमटणाऱ्या किळशीला पुरावा मानण्यापूर्वी ती किळस कुठून आली हे तपासलं पाहिजे.

चिटलिन्सचा अमेरिकेतला प्रवास आपल्यासाठी सर्वांत बोलका आहे. दक्षिणेतल्या मळ्यांवर हिवाळ्यात डुकरं कापली जात, तेव्हा मांडी आणि पाठ मालकाच्या घरी जाई. आतडी, पाय, कान, डोकं गुलामांच्या वाट्याला येई. त्यांनी ती धुतली, तासन्‌तास शिजवली आणि त्यातून आपली पाकपरंपरा घडवली. गुलामगिरी संपली तरी वर्णभेद राहिला, आणि ज्या नाट्यगृहांत, क्लबांत कृष्णवर्णीय गायक-वादकांना आपल्या लोकांपुढे कला सादर करता येई, त्यांच्या साखळीला नावच पडलं 'चिटलिन सर्किट'. १९६० च्या दशकात हेच अन्न 'सोल फूड' म्हणून अभिमानाने मिरवलं गेलं. त्याच दशकात उलट आवाजही उठला. 'नेशन ऑफ इस्लाम'चे नेते एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या आपल्या 'हाऊ टू ईट टू लिव्ह' या पुस्तकात डुकराचं मांस आणि गुलामीच्या काळातलं खाणं सोडण्याचा आग्रह धरला. म्हणजे एकाच समाजात, एकाच दशकात, एका पदार्थाबद्दल दोन भूमिका उभ्या राहिल्या. एक म्हणते, हे आमच्या टिकून राहण्याचं प्रतीक आहे. दुसरी म्हणते, ही आमच्या पायांतली बेडी आहे. या दोन्ही भूमिका महाराष्ट्राला अनोळखी नाहीत, त्यांकडे पुढे येऊच. इथे लक्षात घ्यायचं ते इतकंच की इंग्लंडच्या गावांत हाच पदार्थ शेतकऱ्यांचं नेहमीचं खाणं होता आणि अमेरिकी दक्षिणेतले गरीब गोरेही तो खात होते. दक्षिण कॅरोलायनातल्या सॅली या गावात १९६६ पासून चिटलिन्सची जत्रा भरते. तरी कलंक चिकटला तो मुख्यतः काळ्या माणसाच्या ताटाला.

याउलट जिथे खाणाऱ्याची पत वाढली तिथे पदार्थाचीही वाढली. रोमच्या टेस्टाच्चो भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना उभा राहिला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग आतड्यां-अवयवांच्या रूपात मिळे. जनावराचे चार भाग प्रतिष्ठितांना वाटून झाल्यावर उरलेला म्हणून त्याला 'पाचवा हिस्सा' असं नाव पडलं. तो कत्तलखाना १९७५ साली बंद झाला, पण वासराच्या आतड्यांचा पास्ता आणि शेपटीचा रस्सा आज रोमची ओळख म्हणून पर्यटकांना वाढला जातो. फ्रान्समध्ये आतड्यांच्या सॉसेजच्या, 'आंदुयेत'च्या, रसिकांनी चांगल्या मालाला प्रशस्ती देणारी संघटनाच स्थापन केली आहे. स्कॉटलंडचा राष्ट्रीय पदार्थ 'हॅगिस' म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत आणि फुफ्फुस ओटच्या भरड्यात कालवून मेंढीच्याच पोटात भरून शिजवलेलं, म्हणजे सरळ भाषेत भरली वजडी. रॉबर्ट बर्न्सने १७८६ साली त्यावर कविता लिहिली आणि दर जानेवारीत त्याच्या जयंतीला ती वाचून तो पदार्थ समारंभाने कापला जातो. लंडनमध्ये फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली स्मिथफील्ड मांसबाजाराशेजारी उपाहारगृह काढलं आणि नाकापासून शेपटापर्यंत सगळं जनावर खाण्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांच्या दाराशी जगभरचे खवय्ये आले. या सगळ्या ठिकाणी जनावराची शरीररचना सारखीच होती. बदलली ती ताटाभोवतीची माणसं, आणि त्या ताटाबद्दल लिहिणारी माणसं.

यासाठी रोमला जायचीही गरज नाही. गिरगावातली खोताची वाडी किंवा वांद्र्याचं गावठाण गाठलं तरी चालेल. मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज सणासुदीला सरपातेल करतो. डुकराचं मांस, यकृत, हृदय, जीभ बारीक चिरून, व्हिनेगर आणि मसाल्यात शिजवून, एकदोन दिवस मुरवून, फुग्यांबरोबर खायचा हा पदार्थ. गोव्यात तो सान्नांबरोबर खातात आणि काही घरांत त्यात रक्तही घालतात. मूळ पोर्तुगालचं, भावंडं ब्राझीलमध्ये, आणि आपल्याकडे त्याला लग्नाच्या, नाताळच्या ताटात मानाची जागा. गोव्याचं चोरीस तर आतड्यांतच भरलं जातं आणि मुंबईत सुट्टीवरून परतणारा हौशी पर्यटक त्याच्या माळा अभिमानाने घेऊन येतो. म्हणजे आतले अवयव हे मुळातच गरिबीचं, नाइलाजाचं अन्न आहे ही समजूत आपल्याच शहरात, आपल्याच भाषेतल्या एका समाजाने खोटी ठरवली आहे. सरपातेल हे सणाचं अन्न आहे, कारण तो समाज त्याला सणाचं अन्न मानतो आणि पाहुण्यांसमोर ठेवतो.

मग वजडीला ती जागा का मिळाली नाही? एक मोठं कारण आपल्या लिहिण्यात आहे. मराठीत हे अन्न आलं ते आत्मकथनांतून. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' अशी पुस्तकं त्या दशकात येत गेली. मेलेल्या जनावराचं मांस, वाळवून ठेवलेल्या चान्या, वाटणीवरून होणारे तंटे हे सारं तिथे भुकेचा आणि अपमानाचा पुरावा म्हणून आलं आणि ते तसंच यायला हवं होतं. त्या पुस्तकांनी मराठी समाजाला आरसा दाखवला. पण दुसऱ्या बाजूला, ज्या पुस्तकांतून नव्या सुना आणि शहरात एकटी राहणारी मुलं स्वयंपाक शिकली, त्या पाककृतींच्या पुस्तकांत या चुलीला जवळजवळ स्थान नव्हतं. परिणाम असा झाला की वाचणाऱ्या मराठी माणसाच्या मनात वजडी, रक्ती, मुंडी हे दुःखाचे शब्द म्हणून नोंदले गेले, चवीचे म्हणून नाहीत. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ही भिंत फोडली. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यांनी आठवणींसह आणि कृतींसह मांडलं. नावातच त्यांनी आपल्या जेवणाआधीच्या श्लोकाला प्रश्न विचारला होता. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग देशभरच्या इंग्रजी वाचकांत त्याची चर्चा झाली. मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतली पाककृतींची सदरं मात्र अजूनही उपवासाच्या पदार्थांत आणि बेकिंगमध्ये रमलेली आहेत.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप बाहेरून येत नाही, आतून येतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावराचं मांस सोडा, असं आवाहन केलं. हजारो कुटुंबांनी ते मानलं आणि त्यासाठी गावकीशी संघर्ष पत्करला. ज्या अन्नातून सुटका करून घेण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याचं आता कौतुक करायचं का? आणि ते कौतुक बहुधा ज्यांना ते कधी नाइलाजाने खावं लागलं नाही, त्यांनीच करायचं? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण बाबासाहेबांच्या आवाहनाचा रोख नीट पाहिला पाहिजे. मेलेलं ढोर ओढणं आणि त्याचं मांस खाणं ही जातीने लादलेली सेवा होती. तिच्यात परावलंबन होतं आणि ते तोडायचं होतं. स्वतःच्या कमाईने, ताज्या कापलेल्या बकऱ्याची, स्वतःच्या इच्छेने विकत घेतलेली वजडी ही वेगळी गोष्ट आहे. अवयव कोणता हा तिथला मुद्दा नव्हता. निवड कोणाची, हा होता. एलायजा मुहम्मद आणि सोल फूडचा अभिमान बाळगणारे यांच्यातला वादही याच टोकावर येऊन थांबतो. म्हणून ज्यांना हे अन्न सोडायचं आहे त्यांनी खुशाल सोडावं. त्यांच्यावर परंपरेचं ओझं टाकण्याचा अधिकार कोणा अन्नलेखकाला नाही. मात्र ज्यांना ते आवडतं त्यांनी ते दार लावून, एग्झॉस्ट पंखा चालू करून, शेजाऱ्याला वास जाऊ नये म्हणून धसका घेत शिजवावं, हीदेखील सुटका नव्हे. लाजेने सोडणं आणि स्वाभिमानाने सोडणं यांतला फरक बाबासाहेबांइतका कोणी स्पष्ट केलेला नाही.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा आणि आरोग्याचा. तोही गंभीर आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो. १९८८-८९ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या अटलांटा शहरात तान्ह्या बाळांना येर्सिनिया या जिवाणूचा संसर्ग झाला, आणि शोध घेतल्यावर तो घरात साफ केल्या जाणाऱ्या चिटलिन्सपर्यंत पोहोचला. बाळांनी ती खाल्ली नव्हती. कच्ची आतडी धुणाऱ्या हातांमधून जंतू बाळांपर्यंत गेले होते. या घटनेतून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. धोका शिजलेल्या पदार्थापेक्षा कच्च्या मालाच्या साफसफाईत असतो. ती साफसफाई जितकी घराबाहेर, सुसज्ज ठिकाणी होईल, तितकं घर सुरक्षित. जो पदार्थ समाज चोरून खातो, त्यासाठी अशी सोय कोणी मागत नाही, म्हणून ती होत नाही आणि मग अस्वच्छतेचा आरोप स्वतःच स्वतःला खरा ठरवतो. १९७१ साली मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला. शहराने मांसाचा व्यवहार मध्यवस्तीतून हलवण्यात तत्परता दाखवली. जनावराच्या पोटा-आतड्यांचं पुढे काय होतं, ती कुठल्या पाण्याने धुतली जातात, किती वेळ उघडी राहतात, याकडे ग्राहकाचं म्हणून लक्ष गेलंच नाही. राहिला पथ्याचा प्रश्न. युरिक ॲसिड वाढलेल्या माणसाने अवयवांचं मांस टाळावं आणि गरोदर बाईने यकृत फार खाऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व अति असतं. ही पथ्यं खरी आहेत. पण पथ्य हे व्यक्तीला असतं. साखरेचं पथ्य असणारे लाखो लोक आहेत, म्हणून श्रीखंडाला कोणी हीन अन्न म्हणत नाही.

आरोग्याचा मुद्दा निघालाच आहे तर दुसरी बाजूही तपासू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत. मांसातलं, विशेषतः यकृतातलं आणि रक्तातलं लोह शरीर भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा अधिक सहज शोषून घेतं. यकृतात ब-१२ आणि फोलेटही भरपूर. वजडीत लोह बेताचंच, पण प्रथिनं, जस्त आणि ब-१२ आहेत. रक्तक्षयाला एकच कारण नसतं आणि एका पदार्थाने तो हटणारही नाही. तरीही, जी कुटुंबं मांसाहारी आहेत आणि ज्यांना मटणाचा भाव झेपत नाही, त्यांच्या आवाक्यातलं, त्यांच्या चवीचं, घरातल्या मोठ्या बायांना करता येणारं पोषक अन्न हाताशी असताना त्यांनी ते केवळ 'बरं दिसत नाही' म्हणून सोडावं, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तोट्याची गोष्ट आहे. तिथे पाकिटातली बिस्किटं आणि नूडल्स आली तर ती आधुनिकता ठरते, हे तर त्याहून विचित्र.

तिसरा आक्षेप शेजारधर्माचा. शाकाहारी माणसाला वास सहन होत नाही, त्याच्या भावनांचं काय? शाकाहार ही सन्मान करण्याजोगी निवड आहे आणि वारकरी परंपरेने ती महाराष्ट्राच्या मातीत खोल रुजवली आहे. तिच्यावर इथे टीका नाही. पण निवडीचा सन्मान दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. गोवंश हत्याबंदी कायद्यावरच्या याचिकांचा निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं आणि आपल्या घरात काय खावं हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. बकऱ्याच्या वजडीवर तर कसलीच बंदी नाही. तरी मुंबईत मांसाहारी कुटुंबाला घर नाकारल्याच्या तक्रारी पुनःपुन्हा येतात. सहकारी संस्थेला आपले सभासद निवडण्याची मुभा असते, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या झोरोॲस्ट्रियन संस्थेच्या निकालाकडे बोट दाखवलं जातं. तो निकाल एका विशिष्ट समाजाच्या संस्थेच्या सभासदत्वाच्या उपविधीबद्दल होता. सभासदाच्या चुलीवर पहारा ठेवण्याची मुभा त्यातून निघत नाही. वासाचा प्रश्न राहतो, पण तो वायुवीजनाचा प्रश्न आहे. कोळीवाड्यातल्या सुक्या बोंबलाला वास येतो, लसणाच्या फोडणीला येतो, हिंगालाही येतो. यांपैकी नेमक्या कोणत्या वासाची तक्रार सोसायटीच्या सभेत होते आणि कोणत्या वासाला 'घरगुती सुगंध' म्हणतात, हे पाहिलं की मुद्दा नाकाचा नसून पायरीचा आहे हे कळतं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. वजडीला प्रतिष्ठा मिळाली की ती महाग होईल. अमेरिकेत बैलाच्या शेपटीचं असंच झालं. गरिबाचा पदार्थ उपाहारगृहांनी उचलला आणि भाव चढले. उच्चभ्रू खाद्यजत्रेत छोट्या वाटीत, इंग्रजी नावाने वजडी विकली जावी आणि चाळीतल्या घराला ती परवडू नये, असा शेवट झाला तर या साऱ्या चर्चेचा फायदा चुकीच्या माणसाला होईल. पण प्रतिष्ठा केवळ उपाहारगृहच देतं असं नाही. महागाईची भीती तिथे खरी असते, जिथे पदार्थाची सूत्रं खाणाऱ्या समाजाच्या हातून सुटून हौशी मध्यस्थाकडे जातात. ती सूत्रं बचत गटाकडे, वस्तीतल्या खानावळीकडे, मंडईतल्या गाळेधारकाकडे राहिली तर मागणी वाढल्याचा पैसाही तिथेच राहील. गिरणी संपानंतर घरात एकटीची कमाई उरलेल्या कितीतरी बायांनी डबे करून संसार सावरले. त्यांच्या हातचं सगळ्यांत कष्टाचं काम सर्वांत स्वस्त का विकलं जावं, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

तेव्हा मागण्या अगदी साध्या आहेत. महानगरपालिकेने आपल्या मंडयांत वजडी-आतडी साफ करण्यासाठी गरम पाणी, वाहता नळ, सांडपाण्याची वेगळी वाट आणि शीतपेटी असलेली जागा द्यावी, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या घरातल्या सिंकमध्ये ते काम करावं लागणार नाही. पुनर्विकसित इमारतींच्या नव्या संस्थांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव करावा की सभासदाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, हा संस्थेच्या कारभाराचा विषय नाही. ही इमारत आपल्याच माणसांची आहे म्हणून असा ठराव अनावश्यक वाटेल, पण घरं विकली जातात, भाडेकरू बदलतात आणि नंतर असा ठराव करणं कठीण होतं. पालिका आणि सरकारच्या पैशातून भरणाऱ्या खाद्यमहोत्सवांत महाराष्ट्राचं अन्न म्हणून पुरणपोळी, मिसळ आणि मोदकाबरोबर वजडीचाही गाळा असावा, आणि तो ती रोज करणाऱ्या बायांना मिळावा. आणि वर्तमानपत्रांनी, यात हेही वर्तमानपत्र आलं, आपल्या पाककृतींच्या सदरात वजडी किती वेळ उकळायची, चुना कधी लावायचा आणि वाटणात तीळ घालायचे की खोबरं, हे कुठल्याही प्रस्तावनेशिवाय, दुःखाच्या किंवा धाडसाच्या चौकटीशिवाय, भरल्या वांग्याच्या शेजारी छापावं.